तुझी गाडी अजून का विकली गेली नाही

चि. मेहुणेबुवा यांस,

तुझ्या भावोजींचे भरपूर आशीर्वाद. इकडे आम्ही तिघंही सुखरूप आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि उरलेल्या वेळात एकमेकांवर नजर ठेवतो. तुझी तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो, कारण फोनवर विचारलं की तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि "हं" हे आजाऱ्याचंही उत्तर असतं आणि ठणठणीत माणसाचंही. तुझ्या ताईचा गुडघा आता कुरकुरत नाही. बाबांचं ब्लडप्रेशर मधे जरा वर गेलं होतं (त्याची हकीकत पुढे येईल, घाबरू नकोस), आता जागेवर आहे. माझी मान मात्र डावीकडे वळत नाही. गळ्यात तो पांढरा पट्टा घालून मी औषधांच्या दुकानात बसतो. दुकानदारानेच पट्टा घातलेला बघून गिऱ्हाइकांना आपापल्या माना आठवतात, त्यामुळे दुकानातले पट्टे संपत आले आहेत. हे सगळं तुझ्या गाडीमुळे झालं आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. नसतं आलं. आपल्या घरी तुझा फोन आला की ताई तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते, स्पीकर चालू करते आणि भोवती आम्ही सगळे बसतो. बाबा बसत नाहीत, पण शेजारच्या खोलीत रेडिओ बंद करून शांत पडून राहतात, ते बसल्यासारखंच आहे. आणि मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्या दोघांबद्दल आहे. म्हणून दुकानात काउंटरमागे बसून लिहितो आहे. मधेच एखादं वाक्य तुटलं तर खोकल्याचं औषध मागायला येणाऱ्यांना दोष दे, मला देऊ नकोस.

तुझा निरोप आला त्या दिवसापासून सुरू करतो. "इथेच कायमचं राहायचं ठरतंय, परत यायचा आता विचार नाही, तेवढी गाडी विकून टाका", हे ताईने चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मोठ्याने वाचायला नको होतं. बाबा उठले, स्वतःचा कप घेतला आणि मोरीत जाऊन विसळून ठेवला. कपात अर्धा चहा तसाच होता. ताई माझ्याकडे बघायला लागली, मी भिंतीकडे बघायला लागलो, आणि भिंत फार वेळ बघता येत नाही म्हणून मी म्हणालो, "मी बघतो." (या घरात "मी बघतो" म्हणण्याची खोड फक्त मला आहे. नळ गळायला लागला तेव्हाही मीच म्हणालो होतो, आणि त्यानंतर आम्ही बरेच दिवस शेजाऱ्यांकडून पाणी आणत होतो.)

आता तुझ्या गाडीतलं मला काय कळतं, हे तू जाणतोस. पण मी अगदीच अडाण्यासारखा वागलो नाही हे तुला पटावं म्हणून गॅरेजवाल्याने जे समजावलं ते इथे लिहितो. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो. तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि या कोंबण्याच्या दाबाला तुम्ही लोक बूस्ट म्हणता. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. या दाबाला कंपनीने मर्यादा घालून दिलेली असते. दाब तिच्यावर गेला की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचं पेट्रोल क्षणभर तोडतो, नाहीतर इंजिनच फुटायचं. हा तुमचा फ्युएल कट. ऐन भरात आलेली गाडी एकदम अडते, आतली माणसं पुढे फेकली जातात, आणि पेट्रोल परत सुरू झालं की तितक्याच जोरात मागे आपटतात. तू काय केलंस, तर सायलेन्सरचा पाइप जाडा घातलास, हवेची गाळणी मोठी बसवलीस आणि बारीक नळीत पेनाच्या टोपणाएवढा एक स्क्रू लावलास. आवळला की दाब चढतो, सैल केला की उतरतो. कॉम्प्युटर मात्र तोच जुना राहिला, त्याची मर्यादाही जुनीच. म्हणजे घरावर नवे मजले चढवले आणि जिना होता तेवढाच ठेवला. (हे वाक्य माझं आहे. गॅरेजवाल्याला इतकं आवडलं की तो आता स्वतःचं म्हणून सांगतो.)

बाबांचा या स्क्रूवर राग का आहे, हे तुला मी सांगायला नको, पण माझ्या बाजूनेही एकदा ऐक. ज्या माणसाने जन्मभर बस चालवली आणि उभ्या प्रवाशाला कधी दांडा घट्ट धरायची वेळ येऊ दिली नाही, त्याची एकच ऐट होती, की माझ्या गाडीत धक्का बसत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने ही साधी घरगुती गाडी घेतली, आणि तुला नोकरी लागली तेव्हा किल्ली तुझ्या हातात ठेवली. तू तिला हा सगळा साज चढवलास, मोठ्या उत्साहाने त्यांना शेजारी बसवून चढावर नेलंस, आणि गाडीने त्यांना काचेवर नेऊन आपटलं. ते खाली उतरले आणि चालत घरी आले. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी थेट बोललेला नाहीत. तुझा निरोप ताईमार्फत येतो, त्यांचं उत्तर ताईमार्फत जातं, आणि मधल्या मधे ताई दोन्हीकडचे कडू शब्द काढून टाकते, त्यामुळे तुम्हा दोघांना वाटतं की समोरचा मवाळ झाला आहे. असो.

विकायची म्हणून मी गाडी पुसायला घेतली. बॉनेट उघडलं, आतलं सगळं फडक्याने पुसलं, आणि पुसता पुसता तो स्क्रू बोटाला लागला. सैल वाटला. आता मी पडलो औषधविक्रेता. सैल झाकण दिसलं की मला चैन पडत नाही. लोकांकडे गेलो तरी मी त्यांच्या बरण्या आवळून येतो (त्या मग त्यांना उघडत नाहीत आणि ताईला फोन येतात). तू जाताना बजावलं होतंस की स्क्रूला हात लावू नका, पण मी त्याचा अर्थ असा घेतला की तो काढू नका. काढला नाहीच. उलट चांगला घट्ट आवळला, आणि एखाद्याचं राहिलेलं काम आपण करून टाकलं अशा समाधानाने बॉनेट लावलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून दातांचे डॉक्टर आले. माझ्याच दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना आहे, माणूस सभ्य, हळू आवाजात बोलणारा. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो लांब चढ तुला आठवत असेल. तिथे पोचल्यावर मी म्हणालो, दाबा, ताकद बघा. (विकणाऱ्याने असं म्हणायचं असतं असं मी ऐकलं होतं.) त्यांनी दाबलं. तू काचेच्या बाजूला चिकटवलेल्या त्या दाबाच्या गोल घड्याळातला काटा झरझर वर गेला, लाल पट्टीच्या पलीकडे गेला, आणि मग ते झालं. डॉक्टरांचा चष्मा काचेला लागून माझ्या मांडीवर पडला. गाडी पुन्हा उसळली, पुन्हा अडली. तिसऱ्या गचक्याला त्यांनी पाय काढला, गाडी कडेला घेतली, आणि जिभेने स्वतःचे सगळे दात मोजले. मग पेशंटला सांगतात त्याच मऊ आवाजात मला म्हणाले, "आधी दुखणं काय आहे ते बघून घ्या. मग ठरवू." त्यानंतर जिन्यात भेटले तरी ते गाडीचा विषय काढत नाहीत.

मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, स्क्रू बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि कुणी आवळला असं विचारलंसुद्धा नाही. सैल करून, चढावर दोन फेऱ्या मारून त्याने दाब बरोबर लावून दिला. मग पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी त्याच्या खालच्या नटावर. रेघ सलग आहे तोवर स्क्रू जागेवर आहे, रेघ तुटली की कुणीतरी फिरवला, एवढा सोपा हिशेब. घरी आल्यावर मी ही युक्ती जेवताना दोघांनाही नीट समजावून सांगितली. ते दोघं इतकं लक्ष देऊन ऐकत होते की मला माझ्याच बोलण्याचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. त्यांना शिकवण्यासाठी गाडी हवी होती. बाई इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला चालवायला सांगत आल्या आहेत की स्वतः स्टिअरिंगवर बसल्या तरी तोंडाने "क्लच, क्लच, आता सोडा" असं चालूच होतं, आणि दर वेळी मीच दचकून पाय हलवत होतो. बाबा म्हणाले, मीही येतो, तेवढंच फिरणं होईल, आणि मागे बसले. मला बरं वाटलं. चढ आला. मी या वेळी दाबा वगैरे काही म्हणालो नाही, पण बाईंनी आपणहून दाबलं. आणि मेहुणेबुवा, काटा लाल पट्टीपाशी पोचायच्या आत मी सहज आरशात बघितलं, तर बाबांनी दरवाज्यावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे गच्च मिटून घेतले होते. धक्का त्यानंतर बसला. बाईंच्या तोंडून जे शब्द निघाले ते त्या शिकाऊ मुलांना नक्की शिकवत नसतील. त्या खाली उतरल्या, रिक्षा थांबवली आणि गेल्या. मागच्या सीटवर बाबा केसभरही हलले नव्हते.

घरी येऊन बॉनेट उघडलं, तर रेघ तुटलेली होती. बाबा संध्याकाळी दुकानात प्रेशर मोजून घ्यायला येतात तेव्हा विचारायचं ठरवलं. दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला लागलो आणि विचारलं, "बाबा, रेघ तुम्ही तोडलीत का?" पारा असा काही चढला की उत्तराची गरज उरली नाही.  ते म्हणाले, "चावीने फिरवला. पाव फेरासुद्धा नाही." मी विचारलं, तुम्हाला धक्का आवडत नाही, तो स्क्रू आवडत नाही, तो पोरगा बोलत नाही म्हणून तुम्ही बोलत नाही, मग गाडी जाते आहे तर जाऊ द्या की. त्यावर ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ताईने सांगितलं असतं तर तिने यातलंही काहीतरी काढून टाकलं असतं. म्हणाले, "म्हाताऱ्याला बघायला कोण येतं? गाडीला बघायला आला असता. आला की घरात राहिला असता. राहिला की जेवायला बसला असता." मग पट्टा स्वतःच सोडवत म्हणाले, की बाईंना लागलं तर नाही ना, उद्या जाऊन विचारून ये. ज्या माणसाने जन्मभर धक्का बसू दिला नाही त्याने तो मुद्दाम दिला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. मी त्यांच्याकडून शब्द घेतला की पुन्हा हात लावायचा नाही. त्यांनी दिला आणि पाळला.

गॅरेजवाल्याने पुन्हा दाब लावला, पुन्हा रेघ ओढली. (या वेळी त्याने विचारलं की तुमच्या घरात लहान मुलं आहेत का. मी हो म्हणालो.) आणि मग आले लिफ्ट दुरुस्त करणारे. हे तिसरे गिऱ्हाईक आणि खरं सांगतो, सगळ्यांत चांगले. लिफ्टची कामं करून करून माणसाला गचक्यांची इतकी सवय झाली आहे की चेहऱ्यावर काही उमटतच नाही. त्यांनी आधी इंजिन ऐकलं, नळ्या हाताने चाचपल्या, तू केलेलं काम नीट आहे म्हणाले. बाबा हे ऐकून दुसरीकडे बघायला लागले, पण जवळ सरकले. मग आम्ही निघालो. मागे बाबा, मांडीवर बिस्किटांचा पुडा उघडून निवांत बसलेले. चढावर तेच झालं. बिस्किटं पुढच्या काचेपर्यंत आली, बाबांच्या तोंडून "अरे देवा" निघालं, आणि ते असे काही चक्रावले होते की यात त्यांचा हात नाही हे मला तिथेच कळलं. लिफ्टवाले फक्त म्हणाले, "फ्युएल कट होतोय. दाब जास्त आहे. गाडी चांगली आहे, नीट करून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात परत येतो." आणि उतरताना त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी खरंच जाणार.

घरी येऊन बॉनेट उघडलं तर रेघ सलग. एकदम सरळ, सुरेख, जशीच्या तशी. गॅरेजवाल्याला बोलावलं. तोही चक्रावला, म्हणाला रेघ जागेवर आहे म्हणजे स्क्रू जागेवर आहे, मग दाब चढलाच कसा. दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होतो, तेवढ्यात मला वास आला. मेहुणेबुवा, मी तो वास रोज विकतो. ते नेलपॉलिश होतं. पांढरं, मोत्याच्या चकाकीचं, माझ्याच दुकानातलं, आणि तसली एकच बाटली बिल न होता गेली होती. मी स्वयंपाकघरात गेलो. ताई भांडी पुसत होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "रेघच ना? रेघ मलाही मारता येते." तिने जुनी रेघ पुसून काढली, स्क्रू आवळला आणि नवी रेघ ओढली होती. इतक्या शांतपणे म्हणाली की मलाच आपण काहीतरी चुकीचं विचारलं असं वाटलं.

मग मात्र ती खाली बसली आणि रडली. तुझी ताई सहसा रडत नाही, हे तुला माहीत आहे. ती म्हणाली, तुझा फोन येतो तेव्हा तू काय विचारतोस. बॅटरी चार्ज केली का, टायरमध्ये हवा आहे का, आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करता का. "गाडी गेली की तो काय विचारेल?"  याचं उत्तर तुला सुचलं तर मला कळव, मी तिला सांगेन. तोपर्यंत मी तिला पाणी दिलं, आणि तिच्याकडूनही शब्द घेतला. शब्द गोळा करण्यात माझा चांगलाच हात बसला आहे.

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाले ठरल्याप्रमाणे आले. बाबा शब्दाला जागले होते, ताई शब्दाला जागली होती, गॅरेजवाल्याने नव्या रंगाने नवी रेघ ओढली होती. आणि तरीही चढावर पुन्हा फ्युएल कट झाला, आणि तो असा जबरदस्त झाला की माझी मान त्याच वेळी गेली. यात कुणाचाही दोष नाही, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगतो. त्या सकाळी थंडी पडली होती. गॅरेजवाला म्हणतो, गार हवा दाट असते, दाट हवेत दाब आपोआप वर जातो, आणि काटा मर्यादेच्या आसपास असेल तर तेवढ्यानेही पेट्रोल तुटतं. निसर्गापुढे इलाज नाही. लिफ्टवाले विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले.

तर एकंदरीत असं आहे. प्रामाणिक माणसांनी जेवढं करायचं तेवढं आम्ही केलं. दातांचे डॉक्टर, ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आणि लिफ्टवाले, एवढ्या सगळ्यांना चढावर नेऊन आणलं. माझ्या मते हवामान निवळेपर्यंत हा विषय बाजूला ठेवावा. तू तिकडे नीट जेवत जा, उगाच जागू नकोस, आणि आमच्या उशिराबद्दल राग धरू नकोस. वडील माणसाने धाकट्याची माफी मागायची नसते, तरी मागतो.

तुझा,
मान वाकडी झालेला भावोजी

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, खरं म्हणजे टाळली. बाबा हल्ली सकाळी ती गाडी बाहेर काढतात. स्क्रू त्यांनी गॅरेजवाल्याकडून पार सैल करून घेतला आणि आता ते पाण्याच्या टाकीच्या चढावर जातात. काटा अर्ध्याच्या वर जाऊ देत नाहीत, पाय इतका हलका ठेवतात की शेजारच्या माणसाला गिअर बदललेला कळत नाही. परवा मी सोबत होतो. वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "गाडी वाईट नाही. त्याने काम नीट केलंय, मीच चुकीच्या दिवशी बसलो." हे तुला सांगू नकोस म्हणून त्यांनी मला बजावलं आहे. म्हणून सांगतो आहे. मी हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते गाडीसाठी नाही. तू एकदा ताईला न विचारता, स्पीकर न लावता, थेट बाबांना फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तर दाबाबद्दल विचार. ते तासभर बोलतील. एवढं कर.

ता. क. (ताईच्या हातचा) यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडेच दिलं, आणि वर म्हणाले, आत बघू नकोस. सगळं वाचलं. माझं रडणं लिहायची काही गरज नव्हती, पण लिहिलंच आहे तर राहू दे. तेवढं थंडीचं मात्र खोटं आहे. त्या सकाळी मी पंखा लावून स्वयंपाक करत होते. खिडकीतून बघते तर हे चपला हातात घेऊन गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि स्क्रू आवळला. मग बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि बाहीने डोळे पुसले. मी यांना अजून काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस. दुसरं म्हणजे, लिफ्टवाल्यांचा आज फोन आला होता. त्यांना धक्क्याचं काही वाटत नाही, गाडी आहे तशी हवी आहे, उद्याही न्यायला तयार आहेत. फोन बाबांनी घेतला होता. त्यांनी सांगितलं, गाडीचा मालक येणार आहे, तो आला की त्याच्याशी बोला. कधी येणार, असं लिफ्टवाल्यांनी विचारलं, तेव्हा बाबा फोन तसाच कानाला धरून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, सांगा, लवकरच. त्यांनी तसं सांगितलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते तुझी खोली झाडत आहेत. तारीख कळव.